फुटाला किती, हे विचारण्याआधी

(हुपरी परिसरातल्या आणि कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीतल्या शेडमालक कारखानदारांना खुले पत्र)

कारखानदार मंडळी,


जवाहर साखर कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडला की आठ-पंधरा दिवसांत माझा फोन वाजायला लागतो. "मिस्त्री, वळवाच्या आत पन्हळी काढून घ्यायच्यात. फुटाला किती?" शेड किती उंच आहे, पत्रा लोखंडी आहे की सिमेंटचा, पन्हळ शेवटची कधी काढली होती, यातलं काहीच कुणी सांगत नाही. मी विचारलं तर समोरचा जरा वैतागतो. त्याला आकडा पाहिजे असतो, तोही दुसऱ्या दोघांच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवायला.

मी शेडचं फॅब्रिकेशन करतो, पत्रे बदलतो आणि पन्हळी साफ करायची कामं घेतो. रस्त्याकडेच्या गटारीबद्दल मी बोलत नाही. दोन शेडच्या मधोमध, दोन्हीकडच्या उतारांचं पाणी घेणारी दीड-दोन फूट रुंद पत्र्याची पन्हळ असते, जिला ड्रॉइंगवर व्हॅली गटर लिहितात, तिच्याबद्दल हे पत्र आहे. घराच्या वळचणीची चार इंची पन्हळ शिडीवर उभं राहून हातानं काढता येते. ही काढायला माणूस छपरावर चढवावा लागतो, आणि तिथून पुढं सगळं बदलतं.

तुमच्यातले निम्मे लोक चांदीच्या धंद्यातले. धंदा नसला तरी घरात, भावकीत कुणीतरी आहेच. तुम्हाला हिशेब शिकवायला मी कोण? पैंजणाचा सौदा करताना हुपरीतला माणूस "जोड केवढ्याला" एवढंच विचारून थांबत नाही. टंच म्हणजे शुद्धता किती, मजुरी किती, कामात जाणारी घट किती, हे वेगवेगळं ठरतं. कुणी घट मजुरीत लपवायला गेला तर तुम्ही त्याला बसल्या जागी पकडता. कारागिराच्या पाटाखालचा केरसुद्धा आपल्या गावात फुकट जात नाही. झारेकरी तो घेऊन जातो, धुतो, आणि त्यातला कणन् कण बाहेर काढतो. केराचं मोल जाणणाऱ्या या गावात माणूस अठरा फुटांवर चढवायचा म्हटलं की सगळा हिशेब एका आकड्यात कोंबला जातो. फुटाला चाळीस. फुटाला पस्तीस. त्या आकड्यात घट कुठली आणि मजुरी कुठली, हे कुणालाच दिसत नाही. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की हा हिशेब उलगडून मांडा.

आधी त्या पन्हळीत असतं काय ते बघू, कारण खालून ते दिसत नाही. आपल्याकडच्या पन्हळीत गाळ म्हणजे नुसती पानं नसतात. फौंड्रीची वाळू आणि काळी भुकटी, चिमण्यांची काजळी, इचलकरंजीकडच्या बाजूला यंत्रमागाचा कापूस, कबुतरांची विष्ठा आणि घरटी, पतंगाचा मांजा, दारूच्या बाटल्या (त्या छपरावर कशा पोचतात हे कोडं मला अजून सुटलेलं नाही), आणि या सगळ्यात मूळ धरलेला पिंपळ. कापूस आणि विष्ठा भिजून वाळली की त्याचा लादा होतो. खोऱ्यानं तो निघत नाही, सळईनं फोडून तुकड्या-तुकड्यानं काढावा लागतो.

आता वजन. शंभर फूट लांब, दोन फूट रुंद पन्हळ घ्या, आणि त्यात अर्धा फूट गाळ धरा. झाले शंभर घनफूट. म्हणजे पावणेतीन घनमीटरच्या थोडं वर. ओला वाळूमिश्रित गाळ असेल तर साडेचार टनांच्या घरात जातो. पंधरा किलोचं एक घमेलं धरलं तर तीनशे घमेली. ही तीनशे घमेली वर भरायची, दोरानं खाली सोडायची, रिकामी वर घ्यायची. आणि हीच पन्हळ फूटभर खोल असून तोंड तुंबल्यामुळं पाण्यानं काठोकाठ भरली, तर साडेपाच टनांहून जास्त पाणी तिच्या ब्रॅकेटांवर बसतं. वळवाच्या पहिल्याच सरीत पन्हळ मधोमध का वाकते आणि सगळं पाणी नेमकं लेथ मशीनवर का येतं, याचं उत्तर यात आहे. आपल्याकडं काही गगनबावड्यासारखा पाऊस पडत नाही, हे बरोबर. पण पन्हळीला वर्षाचा पाऊस मोजता येत नाही, तिला त्या अर्ध्या तासाचाच पाऊस कळतो. तासाला पन्नास मिलिमीटर वेगानं पाऊस आला, तर शंभर बाय पन्नासच्या छपरावरून मिनिटाला साधारण 387 लिटर पाणी खाली येतं. वळीव एवढ्या जोरानं सहज येतो, आणि येताना आपल्याबरोबर गाराही घेऊन येतो.

रुंद पन्हळीची खरी गोम वेगळीच आहे. ती रस्त्यासारखी दिसते. दोन फुटांची सपाट वाट, दोन्हीकडं पत्र्याचा चढ, पडायला जागा कुठंय, असं नव्या पोराला वाटतं आणि तो तीत पाय टाकून सरळ चालायला लागतो. पण तिचा तळ म्हणजे मिलीमीटर-दोन मिलीमीटर जाडीचा पत्रा. वर्षानुवर्षं ओल्या गाळाखाली तो सडलेला असतो. वरून गाळ दिसतो, त्याखाली पत्रा उरलाय की नुसता गंज, हे वरून कळत नाही. म्हणून चढायच्या आधी आम्ही शेडच्या आत उभे राहून पन्हळ खालून बघतो. तांबड्या गंजाचे ओघळ कुठं आहेत, जोडावर ठिबकल्याच्या खुणा कुठं आहेत, ब्रॅकेट निसटलंय का. मग लांब बांबूनं तळाला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जायचं. धड पत्रा टण्ण वाजतो. सडलेल्या जागी बांबू बद्द करतो, कधी गंजाची पापडीच डोक्यावर येते. तिथं खडूनं खूण करायची. त्या जागी वर गेल्यावर पाय टाकायचा नाही; तेवढा भाग फळीवर बसून काढायचा. या तपासणीला तासभर लागतो. "फुटाला चाळीस"च्या दरात हा तास कुठंच बसत नाही.

पन्हळीच्या बाहेर पाय पडला तर त्याहून वाईट. शेडमध्ये उजेड यावा म्हणून दर काही पत्र्यांनंतर एक फायबरचा पारदर्शक पत्रा घातलेला असतो. नवा असताना तो ओळखू येतो. पाच-सात उन्हाळे गेले की त्यावर धूळ बसते, रंग पिवळट-राखाडी होतो आणि तो शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यात मिसळून जातो. उन्हानं ठिसूळही होतो. त्यावर माणसाचा भार टिकत नाही. सिमेंटचा पत्रासुद्धा चालायला केलेला नाही; तो बघायला जाड, पण एका जागी सगळा भार आला की इशारा न देता फुटतो. पत्रा पेलणाऱ्या पर्लिनच्या रेषेवर, म्हणजे जिथं बोल्ट दिसतात तिथंच पाय ठेवायचा, असं जुने मिस्त्री सांगतात. ते खरं आहे, पण अपुरं. बोल्टच्या ओळीवर पाय घसरला तर पुढचं पाऊल कुठं पडेल याची हमी कोण देणार? दोन-तीन पर्लिनवर टेकेल एवढी लांब फळी टाकायची आणि फळीवरूनच हलायचं. ब्रिटनमध्ये छपरावरच्या कामाच्या सरकारी मार्गदर्शक सूचना आहेत. कुठलंही छप्पर मजबूत असल्याची खात्री होईपर्यंत ते ठिसूळच धरून चाला, असं त्या सांगतात. आपल्याकडं उलटं चालतं. कुणीतरी त्यावरून गेलेला असतो, म्हणून ते मजबूत.

आणि जुना सिमेंटचा पत्रा म्हणजे ॲस्बेस्टॉस. तो कोरडा झाडायचा नाही, तारेच्या ब्रशनं घासायचा नाही, हाय प्रेशरच्या पाण्यानं तर अजिबात धुवायचा नाही. पाणी शिंपडून, ओला करून, हलक्या हातानं काढायचं. कबुतरांच्या विष्ठेचंही तेच. वाळलेली विष्ठा झाडली की तिची भुकटी फुप्फुसात जाते. कबुतरखान्यांवरून मुंबईत 2025 च्या पावसाळ्यात केवढा गदारोळ झाला ते तुम्ही वाचलं असेलच. तिथं भांडण रस्त्यावरच्या दाण्यांचं होतं. आमचा माणूस त्या विष्ठेत गुडघे टेकून बसलेला असतो. तोंडाला रुमाल बांधून हे थांबत नाही, त्याला एन-95 मास्क लागतो, आणि दमट उन्हात तो वरचेवर बदलावा लागतो.

आता सुरक्षा पट्ट्याची गोष्ट. एका कारखानदारांशी दर ठरवताना त्यांनी सुरक्षेच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे कशाला लावलंस? पट्टे माझ्याकडं दोन पडलेत स्टोअरला, तेच वापर." पट्टे मागवले. एकाचा पट्टा उंदरानं कुरतडलेला. दुसऱ्याचा रंग उन्हानं पांढरा पडलेला, शिवणीचे दोरे उसवलेले, हूक गंजून अर्धवट मिटत होता. वरचं लेबल पुसलेलं, त्यामुळं तो कधीचा, कुठल्या मानकाचा, कळायला मार्ग नाही. त्यांना वाईट वाटू नये म्हणून मी काही बोललो नाही, माझेच पट्टे आणले. पट्टा नुसता असून चालत नाही. कमरेचा पट्टा तर विसराच, पडताना तो माणसाला मधोमध दुमडतो. अंगभर बसणारा, मांड्यांतून आणि खांद्यांवरून जाणारा, दोन दोरांचा पाहिजे. म्हणजे एक हूक सोडताना दुसरा अडकलेला राहतो. एकदा कुणी त्यावर लोंबकळला की तो पट्टा फेकून द्यायचा, मग तो नवाकोरा का दिसेना.

पण त्यातही एक मेख आहे, आणि ती ठेकेदारांनाच माहीत नसते. या पट्ट्याचा दोर साधारण पावणेदोन-दोन मीटर असतो. त्याला जोडलेली धक्का शोषणारी पिशवी उघडली की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत लांब होते. त्यात माणसाची उंची आणि थोडी मोकळी जागा मिळवा. सगळं मिळून सहा मीटर, म्हणजे वीस फूट. आता तुमची शेड अठरा फुटांची. पट्टा, दोर, हूक, सगळं जागच्या जागी असलं तरी दोर ताणून थांबायच्या आत माणूस खाली जमिनीला टेकतो. अठरा फुटांवरून जमीन गाठायला फक्त एक सेकंद लागतो, आणि वेग ताशी पस्तीस-छत्तीस किलोमीटरच्या पुढं असतो. म्हणून आपल्यासारख्या बुटक्या शेडवर पडलेल्या माणसाला झेलणारा दोर उपयोगाचा नाही. दोर एवढा आखूड बांधायचा की माणूस कडेपर्यंत किंवा फायबरच्या पत्र्यापर्यंत पोचूच नये. त्यासाठी दोर अडकवायला भक्कम जागा पाहिजे. पत्र्याचा जे-बोल्ट ही ती जागा नव्हे, पन्हळीचं ब्रॅकेट तर नव्हेच. ट्रसला किंवा कॉलमला वेल्ड केलेली कडी पाहिजे, आणि दोन कड्यांमध्ये ताणलेली तारेची जीवनदोरी. हे एकदा करायचं काम आहे, आणि ते शेडमालकाचं आहे. ठेकेदार दर वर्षी बदलेल, कडी तिथंच राहील. शेड बांधतानाच ती बसवून घेतली तर तिचा खर्च तुमच्या गेटवरच्या नावाच्या पाटीपेक्षाही कमी.

वेळेचं गणितही दरात धरावं लागतं. चैत्र-वैशाखात सकाळी अकरानंतर पत्रा एवढा तापतो की चपलेतून चटके बसतात, डोकं गरगरतं, आणि गरगरणारा माणूस छपरावर नको. दुपारी तीन-चारनंतर ईशान्येकडं ढग जमायला लागले की विजेची भीती. मग राहतात सकाळचे साडेसहा ते अकरा. त्यातला तासभर फळ्या, दोर, शिडी लावण्यात जातो. शिडीचं टोक पन्हळीच्या काठाच्या वर किमान मीटरभर गेलेलं पाहिजे, पाय भिंतीपासून उंचीच्या पाव अंतरावर, आणि वर बांधलेली. ॲल्युमिनियमची शिडी उभी करताना डोक्यावरून महावितरणची तार जाते का ते आधी बघायचं. हे लिहायला फालतू वाटतं, पण वसाहतीत शेडच्या मागच्या अंगाला हात पोचेल इतक्या जवळून तारा गेलेल्या मी बघितल्या आहेत.

बरं, आता दर. वरची शंभर फुटी पन्हळच घेऊ. दोघं वर, एक दोरावर, एक खाली गाळ उचलायला. घमेल्यामागं दोन मिनिटं धरली तरी तीनशे घमेल्यांना दहा तास. रोज सकाळी साडेतीन तास खरं काम, म्हणजे तीन सकाळी. दुपारी हीच माणसं खाली ट्रॉली भरतात, पाणी खाली नेणारे डाऊनटेक पाईप मोकळे करतात, त्यामुळं रोज पूर्णच द्यावा लागतो. चौघांचे तीन दिवस, रोज नऊशे धरला तर 10,800 रुपये. पराती (मचाण) आणि फळ्यांचं भाडं तीन दिवसांचं 3,000. पट्टे, दोर, तार यांची झीज 1,500. ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या दोन खेपा 2,000. मास्क, हातमोजे आणि विम्याचा वाटा 700. झाले 18,000. त्यावर ठेकेदाराचं कार्यालय, फोन, नफा-तोटा मिळून वीस टक्के, म्हणजे 3,600. एकूण 21,600 रुपये. फुटाला 216. नोंदणी असेल तर जीएसटी वेगळा. आकडे मी धरलेले आहेत, तुमच्याकडं रोज वेगळा असेल, भाडं वेगळं असेल. ते बदला, पण ओळी ठेवा.

आता हीच पन्हळ दर वर्षी दोनदा काढली तर? एकदा वळवाच्या आधी, पानगळ आणि गाळप हंगाम दोन्ही संपल्यावर. एकदा पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आसपास. मग आत इंचभर गाळ सापडतो. तो होतो साधारण सतरा घनफूट, पन्नास घमेली, पावणेदोन तासांचं काम. एका सकाळीत उरकतं. मजुरी 3,600, पराती 1,000, सामानाची झीज 500, ट्रॉलीची अर्धी खेप 700, मास्क-विमा 200. सहा हजार, वर वीस टक्के. 7,200 रुपये, फुटाला 72. पन्हळ तीच, लांबी तीच. एकदा 216, एकदा 72. दोन्ही दर खरे आहेत. म्हणून फुटाला किती, या प्रश्नाला मी फोनवर उत्तर देत नाही. पन्हळीचा दर तिच्या लांबीवर थोडा आणि तिच्यातल्या गाळावर, उंचीवर, पत्र्याच्या जातीवर जास्त ठरतो. आणि दोनदा काढली तर वर्षाला 14,400 पडतात. पाच वर्षं न काढता एकदम 21,600 दिले तर स्वस्त पडलं असं वाटेल, पण मधल्या काळात सडलेला पन्हळीचा तळ बदलायला किती लागतात ते मला विचारा. तिथं मात्र माझा धंदा चांगला चालतो.

आता तो चाळीस रुपयेवाला. शंभर फुटांचे चार हजार. वरच्या हिशेबात नुसती मजुरीच 10,800 आहे. चार हजारांत तो कसा करतो? जादू नाही. दोनच माणसं आणतो, दोन्ही वर चढवतो. पराती नाही, फळी नाही, पट्टा नाही. गाळ घमेल्यानं खाली सोडत नाही, वरूनच शेजारच्या मोकळ्या जागेत फेकतो. किंवा अर्धाच काढतो, डाऊनटेकच्या तोंडाशी हातभर जागा साफ करून फोटो पाठवतो. तुम्ही वर चढून बघणार नाही हे त्याला पक्कं माहीत असतं. म्हणजे त्यानं दर कमी केलेला नाही, तुमच्या कोटेशनातल्या ओळी गुपचूप खोडल्या आहेत. टंच कमी करून मजुरीत सूट दाखवणारा तुम्ही दुकानात ओळखता. तोच हा.

मला हे ठेकेदारांची बाजू म्हणून लिहायचं नाही. आमच्यातलेही काही कमी नाहीत. सुरक्षेची ओळ लावून पैसे घेतात आणि पट्टा टेम्पोतच ठेवतात. म्हणून काम चालू असताना एकदा बाहेर येऊन वर बघा. पट्टा अंगावर आहे का आणि हूक कशाला अडकवलाय, एवढं दिसलं तरी पुरे. दिसलं नाही तर काम थांबवा, पैसे कापा. तुम्ही एकदा थांबवलंत की तो पुढच्या वेळी पट्टा घालूनच येईल.

काहीजण म्हणतात, काम ठेक्यानं दिलं की जबाबदारी ठेकेदाराची. कायद्यात हे एवढं सोपं नाही. कारखाने अधिनियम 1948 च्या कलम 32 मध्येच, माणूस पडू शकेल अशा उंचीवर काम असेल तर कठडा किंवा दुसरी काही व्यवस्था करायला सांगितलेलं होतं. तो कायदा आता 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. चारही श्रम संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाल्या. वीज वापरणाऱ्या जागी वीस माणसं असतील तर तो कारखाना. वसाहतीत आणि गावात वीसच्या आतले खूप आहेत, त्यांना वाटतं आपण सुटलो. गुरुत्वाकर्षणाला मात्र हजेरीपट बघायची सवय नाही. भूमिगत गटारात उतरून माणूस मेला तर वारसांना 30 लाख द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 20 ऑक्टोबर 2023 ला सांगितलं. छपरावरून पडलेल्याला तशी सरळ रक्कम नाही. त्याला 1923 च्या भरपाई कायद्यातलं कोष्टक, जे आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलंय. पगार महिना 15,000 धरून तीस वर्षांचा माणूस मेला, तर त्याच्या निम्म्याला 207.98 नं गुणायचं. 15,59,850 रुपये. हा आकडा मी कोटेशनशेजारी ठेवतो, कारण आपल्याला आकड्यांचीच भाषा पटते. अपंगत्व आलं तर हिशेब वेगळा, आणि तो भोगणाऱ्याचे दिवस त्यात मोजलेले नसतात.

एक तंटा मात्र आमच्या हाताबाहेरचा आहे. दोन मालकांच्या शेड एकमेकींना चिकटून, मधली पन्हळ सामाईक. गाळ कुणाचा? हे म्हणतात, झाड त्यांच्या कंपाउंडमधलं. ते म्हणतात, धूर यांच्या भट्टीचा. दोघंही पैसे देत नाहीत, आणि पाऊस आला की दोघांचाही माल भिजतो. एकदा तर एका मालकानं मला "माझ्या बाजूची एक फूट तेवढी काढ" असं सांगितलं. पन्हळीच्या मधोमध बांध घालून अर्धी साफ करता आली असती तर मी ती केली असती. शेत वाटून घेता येतं, पन्हळ येत नाही. असा वाद असेल तर छपराच्या क्षेत्रफळाप्रमाणं खर्च वाटून घ्या. ज्याच्या छपराचं पाणी जास्त त्यानं जास्त द्यावं, यात हरकत घ्यायला जागा उरत नाही.

तुमच्या हातातल्या अजून तीन गोष्टी. पन्हळीच्या शेवटच्या पट्टीला काठापासून दोन-तीन इंच खाली एक मोठं तोंड पाडून बाहेर काढा. डाऊनटेक तुंबला तरी पाणी त्या तोंडातून भिंतीबाहेर पडतं, मशीनवर येत नाही. ते तोंड वाहताना दिसलं की समजा पन्हळ तुंबली. वर चढून बघायचीही गरज नाही. आणि डाऊनटेकच्या तोंडावर सपाट जाळी टाकू नका. एक प्लॅस्टिकची पिशवी त्यावर आडवी पडली की खेळ संपला. उभी, टोपलीसारखी जाळी बसवा, बाजूनं पाणी जात राहतं. फायबरच्या पत्र्यांच्या कडेनं लाल रंगाची पट्टी मारून घ्या, आणि ती दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारा.

माझ्याकडं सध्या दोन पोरं आहेत. चांदीचा भाव 2025 मध्ये किलोला लाखाच्या वर गेल्यापासून त्यांच्या पाटावरचं काम कमी झालं, म्हणून आली. तारेला डाग देताना ज्यांचा हात हलत नाही, अशी पोरं. त्यातल्या एकाला उंचीवर गरगरतं. त्याला मी खालीच ठेवतो, दोरावर. दुसरा वर जातो, आणि फळी सरकवल्याशिवाय पुढचं पाऊल टाकत नाही, कितीही हाका मारल्या तरी. खाली उभे राहून "लवकर आटपा" म्हणणाऱ्या मालकांना तो संथ वाटतो. मला असेच गडी पाहिजेत.

तर यंदा फोन कराल तेव्हा एवढं हाताशी ठेवा. पन्हळीची लांबी आणि रुंदी, शेवटची काढल्याचं साल, पत्र्याची जात, खालून काढलेले दोन-चार फोटो, आणि उंची. उंची मोजायला वर चढू नका. ब्लॉकची भिंत असेल तर थर मोजा. आठ इंचाचा एक थर. सत्तावीस भरले की अठरा फूट.

आपला,
एक शेड मिस्त्री
हुपरी, ता. हातकणंगले